हिरव्या दरवाजाला हिरव्या खिडक्या: दिवाळी ते गणपती, वापरानंतरचा अनुभव

इंदूरच्या राजेंद्रनगरातलं आमचं घर जुनं. वाळवी लागलेल्या लाकडी खिडक्या काढून गेल्या दिवाळीआधी ॲल्युमिनियमच्या तीन ट्रॅकच्या सरकत्या खिडक्या बसवल्या. सागवानी दरवाजा आणि गॅलरीचा कठडा मात्र ठेवायचा होता, आणि दोन्ही बाटलीहिरवे. खिडक्या त्याच हिरव्या हव्यात, एवढी एकच अट सासूबाईंनी घातली. काच, जाळी, रोलर यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी रंगापुरतंच लिहिते, कारण आमचं खरं डोकं तिथेच खर्ची पडलं.

पहिली पंचाईत म्हणजे कोणता हिरवा? दरवाजावरची नावाची पाटी काढली तर तिच्याखाली गडद, तेलकट हिरवा चौकोन निघाला. आजूबाजूचा रंग उन्हाने विटून पांढुरका झालेला. खिडक्या बनवणाऱ्या फॅब्रिकेटरने मोबाइलवर फोटो काढला आणि म्हणाला, "भाभीजी, सेम टू सेम आ जाएगा." फोटोवरून रंग जुळत नाही. तो कॅमेऱ्यागणिक आणि स्क्रीनगणिक बदलतो.

शिवाय ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांना रंग देतात तो पावडर कोटिंगने, आणि त्याचं तंत्रच वेगळं आहे. रंगाच्या दुकानातलं मशीन डब्यात थेंब थेंब टिंटर सोडून पाहिजे ती छटा काढतं. पावडर कारखान्यातूनच रंगीत होऊन येते आणि साधारण 180 ते 200 अंशांच्या भट्टीत वितळून पट्टीवर चिकटते. हिरव्या पावडरीत थोडी काळी मिसळली तर मधला रंग मिळत नाही, ठिपके दिसतात. खास छटा बनवून घ्यायची तर एका घराच्या मालात ते परवडत नाही. म्हणून आम्ही क्रमच उलटा केला. खिडक्यांचा रंग तयार मालातून ठरवला आणि दरवाजाचा रंग त्याला जुळवून घेतला. दरवाजा तसाही रंगवायचाच होता. हे ऐकून रंगारी खूश, फॅब्रिकेटर त्याहून खूश.

तयार माल म्हणजे राल (RAL) क्रमांक, ठरावीक रंगांच्या यादीतले नंबर. 1927 साली जर्मनीत 40 रंगांनी सुरू झालेली ही यादी आज दोनशेच्या वर गेली आहे. प्रत्येक रंगाला चार आकडे, हिरवे सगळे 6 ने सुरू होणारे. भिंतीच्या रंगांच्या शेडकार्डावरचे नंबर वेगळे, त्यांची इथे गल्लत करू नका. आमच्याकडे 6005 आणि 6009 उरले. 6009 सावलीत काळाच वाटायचा, म्हणून तो बाद.

पण ऑर्डरवर नुसतं 6005 लिहून भागत नाही. तोच नंबर ग्लॉसी, मॅट आणि टेक्स्चर अशा तिन्हींत मिळतो, आणि शेजारी ठेवले तर तीन निराळे हिरवे वाटतात. ग्लॉसी गडद दिसतो, मॅट किंचित फिका. कागदी कार्डावर थांबू नका, त्याच सेक्शनचा, म्हणजे खिडकीच्या पट्टीचा, कोटिंग केलेला तुकडा मागा. आम्ही वीतभर तुकडा मागून घेतला आणि दरवाजाला टेकवून सकाळच्या उन्हात, दुपारच्या सावलीत, रात्री पिवळ्या बल्बखाली पाहिला. दोन वेगवेगळ्या रंगद्रव्यांचे रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फुटतात, त्यामुळे दुकानातल्या ट्यूबलाइटवर विसंबण्यात अर्थ नाही. तुकडा बघताना वरची प्लॅस्टिकची फिल्म सोलून घ्या, तिच्यामुळे रंग भलताच दिसतो.

मग तोच तुकडा रंगाच्या दुकानात स्कॅन करून एनॅमल काढला. पहिला नमुना छटेने बरोबर होता, पण चकाकीमुळे दरवाजा ओला असल्यासारखा दिसत होता. सॅटिन फिनिशमध्ये घेतल्यावर मॅट खिडक्यांशी बसला.

आता उन्हाळा आणि अख्खा पावसाळा उलटलाय. पश्चिमेच्या खिडकीवर बोट घासलं तर पांढरी भुकटी येत नाही, म्हणजे कोटिंग अजून शाबूत आहे. दरवाजाचा एनॅमल मात्र खालच्या बाजूला जरा निस्तेज झालाय. अजून जोडी शोभते, पुढे पुन्हा हात द्यावा लागेल. गडद रंग मे महिन्यात चांगलाच तापतो. दीड मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी 40 अंशांनी तापली तर जवळजवळ दीड मिलिमीटर वाढते, त्यामुळे भिंतीशी फट सोडून सिलिकॉन भरलेलं बरं. आमच्या माणसाने ते नीट केलं. सिलिकॉन हिरवं मिळालं नाही, पारदर्शक लावलं. लांबून कळत नाही.

तक्रारी दोन. स्वयंपाकघराची जाळी मागाहून सांगितली, ती वेगळ्या लॉटची आली. नंबर तोच, पण शेजारच्या पल्ल्यापेक्षा अंगाने निळसर. सगळं एकाच वेळी कोटिंगला गेलं पाहिजे, न्हाणीघराचं व्हेंटिलेटरसुद्धा. दुसरी, बसवताना गॅलरीच्या चौकटीवर ओरखडा पडला. जागेवर पावडर मारता येत नाही, हाताने टचअप केला. लांबून ठीक दिसतो, जवळून ठिगळ. सासूबाई रोज जवळूनच बघतात.