एसटीचा मोफत शाळेचा पास आणि निळी बस: दोन वर्षांचा अनुभव

आमचं गाव तालुक्यापासून 11 किमी, गावात शाळा सातवीपर्यंतच. मुलगी आठवीला गेली तेव्हा आधी एका खाजगी व्हॅनला लावली होती, महिना 1200 रुपये, सात जणांची गाडी आणि पोरं मोजली तर पंधरा, मागच्या डिक्कीत फळी टाकून बसवायचे. एक दिवस पोरगी उतरली तर पायाला मुंग्या आल्यात म्हणून तिथंच ओट्यावर बसून राहिली, त्याच दिवशी मी व्हॅन बंद केली.

मग एसटीचा पास काढला. अहिल्यादेवी होळकर योजनेत बारावीपर्यंतच्या मुलींना पास मोफत आहे, एक रुपया लागत नाही. आधी पासाच्या खिडकीवर लाईन लावावी लागायची, पण जून 2024 पासून एसटीने पास थेट शाळेत द्यायला सुरुवात केली, शाळा यादी देते आणि पास वर्गात हातात मिळतो. माझी एका दिवसाची मजुरी वाचली ही लहान गोष्ट नाही हो.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसेस पण आहेत, राज्यात 125 तालुक्यांत ही योजना आहे, खास मुलींच्या शाळेसाठी. सकाळी फाट्यावर निळा रंग दिसला की पोरी दप्तर उचलतात. वाहक काकांना कोण कुठं चढतं ते पाठ आहे, एखादी दिसली नाही तर विचारतात, "ती कुठंय गं आज?" तेवढं ऐकलं की आईच्या जिवाला बरं वाटतं. आमच्या गल्लीतल्या दोन मुलींची शाळा सातवीनंतर सुटणारच होती, त्या आज दहावीला आहेत, ते या बसमुळंच.

आता जे पटत नाही ते. मुलगा अकरावीला आहे, त्याला 66.66 टक्के सवलत, म्हणजे तिसरा हिस्सा आपण भरायचा. जानेवारी 2025 ला भाडं 14.95 टक्के वाढलं तसा तो हिस्सा पण वाढला. मजुराच्या घरात दोन मुलं असली की महिन्याला तेवढेच पैसे जड जातात, मुलांना पण बारावीपर्यंत मोफत करायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

दुसरं म्हणजे कायदा. शिक्षण हक्काच्या नियमात शाळा पाचवीपर्यंत 1 किमी आणि आठवीपर्यंत 3 किमीच्या आत पाहिजे, नाहीतर वाहतुकीची सोय सरकारने करायची, पण तो हक्क आठवीला संपतो आणि खेड्यातल्या पोरांची खरी पायपीट नववीपासूनच सुरू होते. समग्र शिक्षा या सरकारी योजनेमध्ये वाहतूक भत्ता आहे, वर्षाला 6000 पर्यंत, आम्ही व्हॅनला दहा महिन्यांचे 12000 देत होतो, मग ज्या वस्तीवर एसटी जातच नाही तिथल्या आईबापाने वरचे निम्मे आणायचे कुठून? आणि सवलतीचे पैसे सरकार एसटीला भरून देतं, ते वेळेवर मिळाले तरच गाड्या आणि फेऱ्या टिकतील, पास कितीही मोफत असला तरी बस यायला पाहिजे ना.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. ज्यांची मुलगी यंदा आठवीला जातेय त्यांनी शाळा उघडल्याच्या पहिल्याच आठवड्यात सरांना भेटून पासाच्या यादीत नाव आहे का ते स्वतः बघा, गावाचं आणि थांब्याचं नाव बरोबर लिहिलंय का ते पण बघून घ्या.