डबा लावावा की रूमवर शिजवावं? सातपूर-अंबडला नव्याने कामाला येणाऱ्यांसाठी

नाशिकच्या सातपूर-अंबड या कारखान्यांच्या पट्ट्यात कंत्राटावर लागलेल्या पोराच्या हातात पगार आला की त्यातून आधी खोलीभाडं जातं, मग गावी पाठवायचे पैसे. खाण्यासाठी जे उरतं त्यात दोनच गोष्टी बसतात: महिन्याचा डबा किंवा रूमवर स्वतः शिजवणं. मी आधी डबा लावला होता, आता रूमवर शिजवतो. त्यामुळे माझा कल कुठे आहे ते लपणार नाही. पण प्रत्येकाची शिफ्ट वेगळी, खोली वेगळी, म्हणून दोन्ही बाजू मांडतो.

डब्याची सोय खरी आहे, ती कमी लेखू नये. सेकंड शिफ्ट सुटून रात्री साडेअकराला खोलीवर आल्यावर कांदा चिरायचा जीव होत नाही. दर आठवड्याला शिफ्ट बदलत असेल तर बाजाराची वेळही सापडत नाही. शिवाय बऱ्याच घरमालकांना खोलीत गॅस नको असतो, म्हणजे तिथे प्रश्नच मिटला. दोन वेळचा डबा आमच्या भागात महिन्याला तीन हजारांच्या आसपास पडतो, आणि नवीन गावात पहिले काही आठवडे तो लावणंच शहाणपणाचं.

माझं बिनसलं ते वरणावरून. डबा उघडून वरणाची वाटी जरा वेळ तशीच ठेवली की त्याचे दोन थर होतात. वर हळदीचं पाणी आणि फोडणीचा तवंग, तळाशी नखभर डाळ. खानावळ चालवणाऱ्या ताईंना मी दोष देत नाही. जागेचं भाडं, गॅस, पोळ्या लाटणाऱ्या बायकांची मजुरी हे सगळं त्याच पैशांत भागवायचं तर कुठेतरी हात आखडावा लागतोच. पोळ्या मोजून असतात, भात डोळ्यांना दिसतो, वरणातली डाळ मात्र कोणी मोजत नाही. म्हणून हात तिथे आखडतो. सोबतची भाजी बहुतेक वेळा बटाटा, नाहीतर बटाटा घातलेलं काहीतरी.

याचा परिणाम दुपारी चारच्या सुमारास कळायचा. चार पोळ्या आणि भात खाऊनही पोटात कालवाकालव सुरू व्हायची. मग गेटबाहेरचा वडापाव, नाहीतर चहा आणि खारी. रोजचे वीस-तीस रुपये म्हणजे महिन्याचे सहा-सातशे, आणि हा खर्च डब्याच्या हिशेबात कोणीच धरत नाही. माझ्या मते डब्याची खरी किंमत तीन हजार नाहीच, ती या चारच्या भुकेसकट मोजायला हवी. रूमवर मटकीची किंवा हरभऱ्याची घट्ट उसळ करायला लागलो आणि ती भूक आपोआप गेली. मी काही वजनकाट्यावर मोजलेलं नाही, पण गेटबाहेरच्या गाडीवर थांबणं बंद झालं, एवढं नक्की.

दुसरी गोष्ट पालेभाजीची. नाशिकच्या चहूबाजूंना भाजीपाला पिकतो. मेथी, शेपू, पालक, आंबटचुका, तांदुळजा इथे जितका ताजा आणि स्वस्त मिळतो तितका मुंबईच्या माणसाला स्वप्नातही मिळणार नाही. बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीच्या घाटावरच्या, बाजारात दिवेलागणीनंतर गेलात तर विक्रेत्यांना माल परत न्यायचा नसतो, तेव्हा एका जुडीच्या पैशांत दोन मिळतात. पावसाळ्यात पेठ-हरसूलकडच्या बायका करटुली, भारंगी, कुर्डू घेऊन बसतात. करटुली महाग पडतात, बाकीच्या रानभाज्या आपल्या आवाक्यातल्या. तरी डब्यात पालेभाजी का येत नाही? कारण ती पैशाला स्वस्त आणि हाताला महाग. पन्नास डब्यांची मेथी निवडायला दोन बायका बसवाव्या लागतात, बटाटा तेवढ्यात सोलून, चिरून, शिजूनही होतो. एकट्या-दुकट्याची जुडी मात्र मोबाईलवर गाणी ऐकत निवडून होते. कमी पगारातला माणूस स्वतः शिजवतो तेव्हा त्याला फायदा होतो तो नेमका इथे.

आता पैशांचा भाग. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतलं 2000 कॅलरीचं दिवसाचं ताट असं आहे: धान्य 250 ग्रॅम, डाळी-कडधान्यं किंवा अंडी-मांस मिळून 85 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम, फळं 100 ग्रॅम, दूध 300 मिली, तेल 27 ग्रॅम आणि थोडे दाणे-तेलबिया. उभ्याने मशीन चालवणाऱ्याला याहून जास्त लागेल, पण अंदाजाला हे बरं.

यातल्या धान्याची सोय रेशनवर होते. ‘प्राधान्य कुटुंब’ गटाचं रेशनकार्ड असेल तर माणशी महिन्याला पाच किलो धान्य जानेवारी 2023 पासून मोफत आहे. दिवसाला साधारण 165 ग्रॅम, म्हणजे ताटातल्या धान्याचा दोन तृतीयांश वाटा. कार्ड गावचं असलं तरी आपल्या वाट्याचं धान्य नाशिकच्या दुकानात अंगठा लावून उचलता येतं, उरलेलं घरचे गावी घेऊ शकतात. बरीच पोरं हे करत नाहीत आणि किराणा दुकानातून पीठ आणतात. मोफत धान्याने पोट भरतं, ताट मात्र पुरं होत नाही, कारण त्यात डाळ नसते. म्हणून धान्याचे वाचलेले पैसे सरळ कडधान्याकडे वळवावेत असं मला वाटतं. 85 ग्रॅमने महिन्याची अडीच किलो होतात. हरभरा, मसूर, मटकी सरासरी शंभर रुपये किलो धरली तर अडीचशे रुपये. महिन्याच्या वडापावपेक्षा कितीतरी कमी.

सगळंच बसतं असं मी म्हणणार नाही. दूध बसत नाही. रोज 300 मिली म्हणजे महिन्याला नऊ लिटर, जवळजवळ पाचशे रुपये. म्हणजे डाळीच्या दुप्पट. मी ते चहापुरतंच ठेवलं आहे आणि कॅल्शियमसाठी नागलीची (नाचणीची) भाकरी खातो. नागलीत 100 ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि पेठ-सुरगाण्याची नागली इथे सहज मिळते. दुधाची पूर्ण भरपाई होते असा माझा दावा नाही. फळांचंही तसंच. पेरू-केळी परवडतात, आणि द्राक्षांच्या हंगामात घडातून सुटलेले मणी हातगाडीवर घडांपेक्षा बरेच स्वस्त मिळतात. सफरचंदाच्या नादी लागू नये. अंडी मात्र सोडू नका, एकात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात आणि शिजायला दहा मिनिटं पुरतात.

मधला मार्ग म्हणून शिवभोजन थाळीचं नाव निघतं. 26 जानेवारी 2020 ला सुरू झालेली ही योजना दहा रुपयांत दोन पोळ्या, भाजी, वरण आणि भाताची मूद देते. जवळ केंद्र चालू असेल तर अडीनडीला मोठा आधार आहे. पण केंद्रं दुपारीच चालतात आणि थाळ्यांची संख्या ठरलेली असते, शिफ्टवाल्याने तिच्यावर विसंबून राहू नये.

रूमवर शिजवण्यातली खरी अडचण मला गॅसची वाटते. नाशिकच्या पत्त्याचा पुरावा नसला तर घरगुती कनेक्शन अडतं. त्यासाठी पाच किलोची छोटी टाकी ओळखपत्रावर मिळते. किलोमागे ती मोठ्या टाकीपेक्षा महाग, त्यामुळे एकट्याने हा उद्योग करू नये. दोघं-तिघं मिळून शिजवलं तर गॅसही परवडतो आणि कामही वाटून जातं. पोळ्या जमत नसतील तर त्या तेवढ्या पोळी-भाजी केंद्रातून आणा, रेशनचा तांदूळ आणि उसळ-भाजी घरी करा. निम्म्याहून जास्त फायदा तेवढ्यातही पदरात पडतो.

कायम नाइट असेल, रूममध्ये एकटे असाल किंवा घरमालक ऐकत नसेल, तर डबाच ठेवा. फक्त महिना ठरवताना भावाआधी वरणाची वाटी बघून घ्या आणि रात्री भिजवलेले मूठभर हरभरे सोबत नेत जा. बाकी कोणी मला विचारलं तर पहिल्या पगारातून तीन लिटरचा कुकर घ्या असंच मी सांगेन. कढई-तवा नंतर, जुन्या बाजारात मिळाला तरी चालेल. कुकर मात्र नवा आणि चांगल्या शिट्टीचा घ्या, कारण कडधान्य त्यातच कमी गॅसवर शिजतं.