दोनशे वर्षांचं टेबल, म्हणे

सहा महिने झाले तरी चिडचिड जात नाही म्हणून लिहून टाकतोय. इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या लोकांपैकी कुणी जुनं फर्निचर घ्यायच्या विचारात असेल तर आधी वाचा, मग पैसे द्या.

आम्ही ऑक्सफर्डच्या बाजूला एका छोट्या गावात फिरायला गेलेलो, तिथं अँटिकचं एक दुकान (नाव लिहीत नाही). खिडकीत गोल टेबल, मधे एक खांब आणि खाली तीन बाकदार पाय, सोफ्याशेजारी ठेवलं की चहाचा कप आणि चष्मा एवढं मावेल असं. इकडे त्याला वाईन टेबल म्हणतात. दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली, त्यावर रीजन्सी, मॅहॉगनी, साधारण १८१५, किंमत ६२० पौंड.

रीजन्सी म्हणजे तिसरा जॉर्ज राजा आजारी आणि पोरगा त्याच्या वतीनं कारभार बघतोय तो काळ, १८११ ते १८२०, पण फर्निचरवाले हा शब्द ताणून १८०० ते १८३० पर्यंत नेतात. व्हिक्टोरियन त्याच्या नंतरचं, १८३७ ते १९०१. मी लगेच हिशोब केला, तिकडे पेशवाई बुडाली तेव्हा हे टेबल तीन वर्षांचं होतं! बास, पुण्याच्या माणसाला एवढं पुरतं, तिथंच मी गार.

दुकानदार एकदम सज्जन म्हातारा, चहा दिला, कुठल्याशा जुन्या वाड्यातून आलंय वगैरे सांगितलं. मग म्हणाला कार्ड नको, बँकेतून ट्रान्सफर करा, ४० पौंड कमी करतो. मुंबईत चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर घासाघीस केलेला माणूस मी, मला वाटलं मीच जिंकलो. ५८० पाठवले. टेबल चार दिवसांनी घरी आलं तेव्हा ती चिठ्ठी नव्हती, आणि बिल ईमेलवर आलं ते मी उघडून फक्त आकडा बघितला.

तेव्हा सासरे सांगलीहून आलेले. त्यांच्या घरी आजोबांच्या वेळचा शिसवी पलंग आहे. टेबल बघून छान म्हणाले, मग सवयीनं खालून हात फिरवला आणि म्हणाले, "अहो, खालून पण पॉलिश? आमच्या पलंगाला खालून कुणी ब्रश लावलेला नाही, लाकूड नुसतं कोरडं खडखडीत आहे." मी काय म्हणावं? "बाबा, इथलं काम वेगळं असतं." ते गप्प बसले.

तीन-चार महिन्यांत टेबल डुगडुगायला लागलं, म्हणून जुनं फर्निचर दुरुस्त करणाऱ्या एका माणसाकडे नेलं. त्यानं आधी टेप काढली आणि गोल फळी दोन बाजूंनी मोजली, लाकडाच्या रेषांच्या दिशेनं आणि मग आडवी. दोन्हीकडे बरोबर ४६ सेंटिमीटर. मी म्हटलं मस्त, एकदम गोल आहे. तो म्हणाला तोच तर घोळ आहे. लाकूड आडव्या दिशेनं आकसतं, लांबीच्या दिशेनं जवळजवळ नाहीच, म्हणून दोनशे वर्षांची फळी गोल राहूच शकत नाही, थोडी तरी लंबगोल होते, काही मिलिमीटरचा फरक टेपवर दिसतोच. दोन मिनिटांचं काम होतं, दुकानात फोन काढून राजाचा इतिहास वाचत बसलो त्यापेक्षा टेप लावली असती तर!

मग उलटं केलं. खालचा गडद रंग नखानं खरवडला तर आत ताजं गुलाबीसर लाकूड, म्हणजे फळी नवी, जुनी दिसावी म्हणून रंग फासलेला. एक स्क्रू काढून माझ्या तळहातावर ठेवला, टोक चांगलं अणकुचीदार. १८१५ च्या स्क्रूला टोक नसायचं, बोथट असायचे, टोकाचे स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आले. आणि खांबाच्या डोक्यावर एक भोक, लाकडी गुल्ली ठोकून बुजवलेलं. म्हणजे खालचा भाग टेबलाचा नव्हताच! शेकोटीपुढं बसल्यावर तोंडाला झळ लागू नये म्हणून उंच दांड्यावर वरखाली सरकणारा छोटा पडदा असायचा, त्याचं ते स्टँड. व्हिक्टोरियन, खरंखुरं जुनं, पण असे पडदे आता कुणी घेत नाही, मग दांडा काढायचा आणि वर नवी फळी बसवून टेबल म्हणून विकायचं. धंद्यातली माणसं ह्याला मॅरेज म्हणतात. बायको म्हणाली, त्या लग्नाचा खर्च आपण केला.

किंमत विचारली तर म्हणाला मिळाले तर शंभर. गेल्या वीसेक वर्षांत असल्या तपकिरी फर्निचरचे भाव इकडे पार कोसळलेत, खरंखुरं व्हिक्टोरियन साईड टेबलसुद्धा लिलावात दीड-दोनशेला मिळून जातं. हे मला घ्यायच्या आधी कळायला हवं होतं ना.

दुकानात गेलो. म्हातारा तितकाच सज्जन. म्हणाला, बिल वाचलं नाहीत का? तिथंच उभं राहून ईमेल उघडला तर "रीजन्सी स्टाईल ट्रायपॉड टेबल". स्टाईल! म्हणजे त्या काळातलं नाही, नुसतं त्या काळासारखं दिसणारं. ह्या एका शब्दात माझे ५८० पौंड गेले. चिठ्ठीचा मी फोटो काढलेला नव्हता, तो म्हणे असली चिठ्ठी नव्हतीच.

इकडच्या २०१५ च्या ग्राहक कायद्यात वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर ३० दिवसांत परत करता येते, मी गेलो चौथ्या महिन्यात. नंतरही भांडता येतं पण वर्णन काय होतं ते दाखवणार कशावरून. क्रेडिट कार्डानं घेतलं असतं तर १०० ते ३०,००० पौंडांपर्यंतच्या खरेदीत कार्ड कंपनीही जबाबदार धरता येते, तो रस्ता मी ४० पौंडांसाठी स्वतःच्या हातानं बंद केला. त्यामुळे चिठ्ठीचा फोटो, बिलावर साल आणि कुठला भाग बदललाय ते लेखी, आणि "स्टाईल" शब्द दिसला तर तिथंच थांबा.

टेबल हॉलमधेच आहे, त्यावर वायफायचा राउटर. बाबा सांगलीला परत गेले, कधी एका शब्दानं बोलले नाहीत, पण व्हिडिओ कॉल आला की मी टेबल कॅमेऱ्यात येणार नाही असा सरकून बसतो.