फ्लॅपवालं फोमचं ट्रेनर: पंख झकास, माहितीपुस्तिका अपुरी

रिमोटवर उडणारं, धडाच्या वर पंख असलेलं हे शिकाऊ विमानाचं मॉडेल मी फ्लॅपसाठीच, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला खाली वळणाऱ्या पट्ट्यांसाठीच घेतलं. पंखात चार सर्व्हो (पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आहेत: टोकांकडे एलेरॉन नावाच्या पट्ट्यांचे दोन, मुळाशी फ्लॅपचे दोन. एलेरॉन एकमेकांच्या उलट हलतात आणि विमान कलतं. फ्लॅप मात्र दोन्हीकडे सारखेच खाली येतात; उचल वाढते, हवेचा रोधही वाढतो आणि कमी वेगात उतरता येतं. ही कामं इतकी स्पष्ट दाखवणारं मॉडेल शिकणाऱ्यासाठी सोनं आहे.

कारखान्यातली जुळणी मात्र पटली नाही. एलेरॉन वर आणि खाली सारखेच वळत होते. खाली वळलेला एलेरॉन जास्त रोध करतो, म्हणून वळताना नाक उलटीकडे ओढलं जातं. ट्रान्समीटरवर, म्हणजे हातातल्या रिमोटवर, डिफरन्शियल (वरच्या-खालच्या हालचालीत फरक) देऊन खालची हालचाल वरच्याच्या निम्मी केली. वळणं लगेच सफाईदार झाली.

खरी तक्रार पुस्तिकेबद्दल आहे. पूर्ण फ्लॅप एकदम टाकले की हे विमान नाक वर करून उसळतं आणि वेग झपाट्याने उतरतो. सेसना १७२ या खऱ्या छोट्या विमानातही फ्लॅप १०, २०, ३० अंश असे टप्प्याटप्प्यानेच उघडतात आणि वैमानिक नाक सांभाळतो. इथे त्याबद्दल एक ओळ नाही! फ्लॅप सावकाश उघडतील असं सेटिंग करा, सोबत थोडं डाउन एलिव्हेटर मिक्स करा (म्हणजे नाक खाली ठेवायला शेपटीची पट्टी आपोआप थोडी खाली वळेल), आणि पहिली चाचणी भरपूर उंचीवर घ्या.

एलेरॉन-फ्लॅपची बिजागरी म्हणजे फोमचाच पातळ थर. त्यावर आधीच टेप लावून घ्या.