एक्झॉस्टमधून गुलाबी पाणी आलं म्हणजे इंजिन विंटराइझ झालं असं समजू नका

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं कारण यात मेकॅनिकच्या लबाडीइतकाच माझा बावळटपणा पण दिसतो. पण सीझन संपत आलाय, बरेच जण आता बोटी पाण्याबाहेर काढून विंटराइझ करायला, म्हणजे हिवाळ्यात उभं राहणारं इंजिन गोठण्या-गंजण्यापासून वाचवायची तयारी करायला, कुणाच्या तरी ताब्यात देतील, म्हणून लिहूनच टाकतो. नाव घेणार नाही, विचारू पण नका.

माझी बोट छोटी आहे, चार सिलिंडरचं पेट्रोल इनबोर्ड इंजिन आणि मागे स्टर्नड्राइव्ह, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर असणारा गिअर आणि पंख्याचा भाग. इंजिन थंड ठेवायला बाहेरचंच पाणी थेट ब्लॉकमधून, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव लोखंडी भागातून, फिरतं, म्हणजे गाडीसारखा बंद कूलंट नाही. हे आधी सांगून ठेवतो कारण सगळी भानगड त्या पाण्याचीच आहे. थंडी म्हणाल तर सौम्य. हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली जातो तो एखाददोन रात्री, काही वर्षी तेवढाही नाही. त्यामुळे बोट ट्रेलरवर झाकून उघड्यावरच असते.

पहिली दोन वर्षं मी ऑइल आणि फिल्टर स्वतः बदलायचो. मग वेळ मिळेना, कंबर पण कुरकुरायला लागली, आणि कुणीतरी हा मेकॅनिक सुचवला. बोलायला एकदम गोड, आला की आधी इंजिनावर हात फिरवणार, "साहेब, एकदा माझ्यावर सोडा, वसंतात नुसती चावी फिरवायची." त्याचं 'फुल विंटर पॅकेज' होतं. ऑइल, फिल्टर, गिअर ऑइल, इम्पेलर (पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी चक्र), फ्यूएल स्टॅबिलायझर (साठवलेलं पेट्रोल खराब होऊ नये म्हणून टाकायचं औषध), फॉगिंग, अँटिफ्रीझ (न गोठणारं द्रव), सगळं आलं त्यात. बिलावर मात्र एकच ओळ, विंटर पॅकेज, खाली आकडा. तिथेच खटकायला हवं होतं, नाही खटकलं.

काम झालं की तो व्हिडिओ पाठवायचा. इंजिन चालू आहे, बादलीतून गुलाबी अँटिफ्रीझ ओढलं जातंय आणि मागे एक्झॉस्टमधून गुलाबी पाणी पडतंय. तो रंग बघूनच माणूस खूश होतो हो. मी तर तो व्हिडिओ अजून दोघांना दाखवला आणि ते दोघं पण त्याच्याकडे गेले, त्याचं काय झालं ते शेवटी सांगतो.

पहिल्या वसंतात चावी फिरवली, एका फटक्यात इंजिन सुरू, धूर नाही काही नाही, दुसऱ्या वर्षी पण तेच. मी कौतुकाने त्याला फोन करून सांगितलं की काय काम केलंयस, जरा पण धूर नाही! आता आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते. कारण फॉगिंग म्हणजे सिलिंडरच्या आतून तेलाचा थर देणं, उभ्या इंजिनात गंज धरू नये म्हणून, आणि ते तेल पहिल्या स्टार्टला जळतं. म्हणजे नीट फॉगिंग केलेलं इंजिन पहिली काही मिनिटं चांगला पांढुरका धूर ओकलंच पाहिजे. धूर नाही म्हणजे फॉगिंगच नाही, आणि मी त्याचीच शाबासकी देत होतो.

तिसऱ्या हिवाळ्यात लागोपाठ दोन रात्री कडक गोठवणाऱ्या आल्या. मी निवांत, आपलं तर पॅकेज झालंय. वसंतात इंजिन सुरू झालं पण आवाज जड, थोड्या वेळाने बंद केलं, डिपस्टिक काढली तर ऑइल दुधाळ. ऑइल दुधाळ म्हणजे त्यात पाणी मिसळलंय, यात दुसरा अर्थ निघत नाही.

त्याला फोन केला तर म्हणतो, "साहेब, अँटिफ्रीझ तर तुमच्या डोळ्यासमोर बाहेर आलंय, व्हिडिओ बघा. आणि ब्लॉकला फ्रीझ प्लग असतात, पाणी गोठलं तर ते उडतात, ब्लॉक फुटत नाही, हे दुसरंच काहीतरी आहे." मला तेव्हा पटलं पण! नंतर कळलं की ते प्लग ब्लॉक ओतताना साच्यातली वाळू काढायला ठेवलेली भोकं बंद करायला असतात. गोठल्यावर कधी नशिबाने उडतात, कधी ते जागेवर आणि ब्लॉकलाच चीर. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं, आणि कास्ट आयर्न काही ताणला जात नाही.

मग दुसऱ्या मेकॅनिकला बोलावलं, वयस्कर माणूस, कमी बोलणारा. त्याने आधी ड्रेन प्लग, म्हणजे आतलं पाणी सोडायची बुचं, बघितले. माझ्या इंजिनाला ब्लॉकवर एक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (सिलिंडरचा धूर गोळा करून बाहेर नेणारा भाग) एक. ब्लॉकच्या प्लगवर कंपनीचा रंग अखंड होता, प्लगपासून ब्लॉकपर्यंत सलग, कुठे पान्याचा ओरखडा नाही. म्हणजे तो प्लग कधी उघडलाच नव्हता. त्याने उघडला तर आधी काहीच येईना, तार घालून खोचल्यावर गंजाचा चिखल आणि मग पाणी.

मी म्हटलं, अहो पण गुलाबी अँटिफ्रीझ आत गेलं होतं ना, बाहेर पण आलं. त्यावर त्याने जे सांगितलं ते नीट वाचा. इंजिनात थर्मोस्टॅट असतो, साधारण 60 ते 70 अंशाला उघडतो. इंजिन थंड असताना तो बंद असतो, त्यामुळे बादलीतून ओढलेलं अँटिफ्रीझ बहुतेक सगळं बाजूच्या वाटेने सरळ मॅनिफोल्डमधून एक्झॉस्टला जातं, ब्लॉकमध्ये शिरतच नाही. ब्लॉकमध्ये आधीचं पाणी जसंच्या तसं. आणि इंजिन गरम असलं तरी आतल्या पाण्यात मिसळून ते पातळ होतं, किती पातळ झालं हे बाहेरून कळत नाही. म्हणून आधी प्लग काढून पाणी रिकामं करायचं आणि मगच अँटिफ्रीझ. व्हिडिओत दिसायला मात्र दोन्ही सारखंच!

इथपर्यंत मी स्वतःची समजूत घालत होतो की बिचाऱ्याला माहीत नसेल, अडाणीपणा असेल, फसवणूक कशाला म्हणायची. मग ऑइल फिल्टर निघाला. इंजिनाच्या मागच्या अंगाला, खाली हात घालून काढावा लागतो, वरून दिसतच नाही. त्यावर काळ्या मार्करने तारीख लिहिलेली होती आणि अक्षर माझं होतं. मी स्वतः शेवटचा बदललेला तोच फिल्टर, तीन पॅकेजेस होऊन गेली तरी तिथेच. मी तो हातात घेऊन बराच वेळ नुसता बसून राहिलो. पैशाचं दुःख होतंच, पण त्याने माझ्याशी गप्पा मारत चहा घेतला होता त्याचाच जास्त राग आला.

पुढचं सगळं त्याच रांगेत. गिअर ऑइल जुनं, मळकट. इम्पेलरची पाती एका बाजूला वाकून तशीच कडक झालेली, दोन तुटलेली. आता गंमत ऐका, दुसऱ्या वर्षी मी हुशारी करून त्याच्याकडे जुना इम्पेलर मागितला होता आणि त्याने पिशवीत घालून एक फाटका इम्पेलर दिला पण होता. तो घरात पडून होता, आणून शाफ्टवर लावून बघितला तर बसेचना, दुसऱ्याच कुठल्यातरी इंजिनाचा. म्हणजे दाखवायचे जुने पार्ट त्याने ठेवलेलेच असणार.

ब्लॉकला आतून चीर होती. इंजिन गेलं.

मला सगळ्यात चिडवणारी गोष्ट ही की कडाक्याची थंडी असती तर हा पहिल्याच वर्षी पकडला गेला असता. सौम्य हवेत न केलेलं काम पण केल्यासारखंच दिसतं. दोन वर्षं पारा खाली गेला नाही, इंजिन चालू झालं, श्रेय त्याला. आणि असं पण नाही की सौम्य हवेत काही करायची गरजच नाही, उलट दिवसा ऊब आणि रात्री गार, त्यामुळे आत दव धरतं, सिलिंडरला गंज येतो, वापरलेल्या ऑइलमधलं आम्ल आणि ओल बेअरिंगला खात बसतात. इथेनॉलवालं पेट्रोल असेल तर ते पाणी ओढून घेतं आणि जास्त झालं की इथेनॉल-पाण्याचा थर टाकीच्या तळाशी वेगळा होतो.

आता नवीन इंजिन आहे आणि मी स्वतः उभा राहून करून घेतो. टाकीत स्टॅबिलायझर घालून इंजिन दहा-पंधरा मिनिटं गोड्या पाण्यावर चालवायचं, म्हणजे मीठ धुतलं जातं आणि स्टॅबिलायझर कार्बोरेटरपर्यंत पोचतो. गरम असतानाच ऑइल काढायचं. मग प्लग उघडायचे, पाणी आलं नाही तर रिकामं आहे असं समजायचं नाही, तार घालायचीच. होज पण सोडायचे, त्यात पाणी अडकून राहतं. अँटिफ्रीझ वरच्या होजमधून हाताने ओतायचं, प्रॉपिलीन ग्लायकॉलवालं, दुसरं इथिलीनवालं प्राण्यांना विषारी असतं. ड्राइव्ह खाली सोडून ठेवायचा म्हणजे आतलं पाणी निथळतं. बॅटरी पूर्ण चार्ज करून वायर काढून ठेवतो, उतरलेली बॅटरी लवकर गोठते.

कुणाला काम देणारच असाल तर आधी ड्रेन प्लग, फिल्टर आणि गिअर ऑइलच्या स्क्रूवर नेलपॉलिशची एक रेघ मारून ठेवा, अर्धी प्लगवर अर्धी बॉडीवर, त्याला सांगू नका. बिल प्रत्येक कामाचं वेगळं मागा. व्हिडिओ मागायचाच तर प्लग काढून पाणी पडतंय त्याचा मागा, गुलाबीचा नको.

पैशाचं म्हणाल तर त्याने शेवटच्या वर्षाचे अर्धे परत केले आणि मग फोन उचलणं बंद केलं. बिलावर एकच ओळ असल्यामुळे काय केलं नाही हे दाखवणार कसं, तक्रार तिथेच अडकली.

माझ्या सांगण्यावरून गेलेले ते दोघं, त्यांना फोन करून सगळं सांगितलं. एकाने लगेच प्लग उघडला, आत पाणी होतं, पण ब्लॉक वाचला होता. दुसरा म्हणाला, "माझं तर तीन वर्षं व्यवस्थित चालू होतंय, तुझंच काहीतरी झालं असेल." मी पण तेच म्हणायचो. त्याच्या बोटीवर गेलो, काही न बोलता फिल्टरवर मार्करने तारीख लिहून आलो.