इंटरडेंटल ब्रश आणि स्केलिंगची खुर्ची: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

दात साफ करून घ्यायची, म्हणजे स्केलिंगची, तारीख जवळ आली की ज्यांना आदल्या रात्री झोप लागत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. दाढ काढायची भीती सगळे समजून घेतात. "नुसत्या क्लीनिंगला काय घाबरायचं?" असं मात्र घरचेच म्हणतात. पण ज्याच्या हिरड्या सुजल्या आहेत, दातांची मुळं थोडी उघडी पडली आहेत, त्याच्यासाठी ते 'नुसतं' नसतं. उघड्या मुळावर थंड पाण्याचा फवारा, कवटीत घुमणारा तो बारीक आवाज, घशाशी साचत जाणारं पाणी, आणि रक्त दिसलं की "ब्रश करता की नाही?" हा प्रश्न. आधीच्या एका दवाखान्यात हे सगळं सोसल्यावर पुष्कळ काळ कुठल्याच दंतवैद्याची पायरी चढायची माझी हिंमत झाली नाही.

गेल्या पावसाळ्यात पेरू खाताना फोडीला रक्त लागलेलं दिसलं, तेव्हा मैत्रिणीने आग्रहाने एका दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत नेलं. तिथून जे सुरू झालं त्याचा हा अनुभव. निष्कर्ष आधीच सांगते: मी त्यानंतर इंटरडेंटल ब्रश, वॉटर फ्लॉसर, सेन्सिटिव्ह टूथपेस्ट आणि काही दिवस औषधी माउथवॉश वापरला. खुर्चीतला त्रास सर्वांत जास्त कमी केला तो यातल्या सर्वांत स्वस्त वस्तूने, म्हणजे दोन दातांच्या फटीत घालायच्या त्या चिमुकल्या ब्रशाने.

ओपीडीतल्या तरुण डॉक्टर मुलीने मशीनला हात लावायच्या आधी मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक सळई घेतली आणि प्रत्येक दाताभोवती हिरडी किती खोल सुटली आहे ते मोजलं. एक ते तीन असेल तर ठीक, चारच्या पुढे लक्ष द्यायला हवं, असं तिने समजावलं. माझ्या मागच्या दाढांना चार आणि पाच आकडे येत होते. "काकू, दुखायला लागलं तर डावा हात वर करा, मी लगेच थांबते," असं ती म्हणाली आणि खरंच थांबली. एका बैठकीत उजवी बाजू, पुढच्या आठवड्यात डावी. दुखलं, पण कधी थांबेल हे माझ्या हातात होतं, त्यामुळे ते सहन झालं. सगळं झाल्यावर तिने माझ्या हातात आरसा दिला आणि फटीतला ब्रश कसा घालायचा ते माझ्याकडूनच करून घेतलं.

हे शिकवणं मला फार मोलाचं वाटतं. परदेशात बऱ्याच ठिकाणी दात साफ करणारी व्यक्ती डॉक्टर नसते, डेंटल हायजिनिस्ट असते. या कामाची सुरुवात अमेरिकेत ब्रिजपोर्ट गावी झाली. आल्फ्रेड फोन्स नावाच्या दंतवैद्याने १९०६ साली आयरीन न्यूमन या आपल्या साहाय्यक बाईंना दात साफ करायला शिकवलं, १९१३ मध्ये त्याचा वर्ग काढला, आणि तिथून शिकून बाहेर पडलेल्या बायका गावातल्या शाळांमध्ये जाऊन मुलांचे दात साफ करू लागल्या, ब्रश कसा धरायचा ते सांगू लागल्या. म्हणजे खरवडणं आणि शिकवणं ही दोन कामं पहिल्यापासून जोडीने होती. आपल्याकडेही १९४८ च्या दंतवैद्य कायद्यात हायजिनिस्टची वेगळी नोंदणी आहे, पण बहुतेक दवाखान्यांत हे काम डॉक्टरच करतात, बाहेर पेशंट ताटकळत असतात, आणि शिकवण्याचा भाग गळून पडतो. मग पेशंट सहा महिन्यांनी तेवढंच कीटण, म्हणजे दातांवर साचून कडक झालेला थर, घेऊन परत येतो, आणि त्याला तेवढंच दुखतं.

आता ब्रशाबद्दल. दिसायला बाटली धुण्याच्या ब्रशाची ती अगदी बारीक आवृत्ती: मध्ये तार, भोवती मऊ केस, मागे प्लास्टिकची मूठ. खरा प्रश्न मापाचा. टेपे या स्वीडिश कंपनीच्या ब्रशांत गुलाबी ०.४ मिलिमीटरचा, नारिंगी ०.४५, लाल ०.५, निळा ०.६, पिवळा ०.७, हिरवा ०.८ असे रंग ठरलेले आहेत. दुसऱ्या कंपनीचा तोच रंग वेगळ्या मापाचा असू शकतो, म्हणून पाकिटावरचा आकडा वाचूनच घ्या. आणि सगळ्या तोंडाला एक माप चालत नाही. मला पुढच्या दातांना गुलाबी लागतो, तोही काही फटींत शिरत नाही. दाढांमध्ये निळा, एका ठिकाणी पिवळा. तार हिरडीला किंवा दाताला घासता कामा नये, केस मात्र दोन्ही बाजूंना थोडे दाबले जायला हवेत. जिथे शिरत नाही तिथे जोर लावायचा नाही, तिथे धाग्याचा फ्लॉस. हे माप पहिल्यांदा दंतवैद्याकडूनच ठरवून घ्या. मिश्र मापांचं पाकीट मिळालं तर आधी ते घ्या, नाहीतर न लागणारे ब्रश घरात पडून राहतात.

पहिला आठवडा कठीण गेला. रोज रात्री ब्रश लाल होऊन बाहेर यायचा. इथेच बहुतेक जण सोडून देतात, कारण रक्त आलं म्हणजे आपण हिरडीला इजा केली असं वाटतं. मला त्या डॉक्टर मुलीने आधीच बजावलं होतं की सुजलेली हिरडी रक्त देणारच. दोन दातांच्या मध्ये साचलेला चिकट थर रोज निघत राहिला की सूज उतरते आणि रक्त थांबतं. यामागे एक जुना, फार साधा प्रयोग आहे. हाराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली डेन्मार्कमध्ये निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. स्वच्छता पुन्हा सुरू केल्यावर त्या पूर्ववत झाल्या. माझंही तसंच झालं. दुसरा आठवडा संपता संपता रक्त फक्त मागच्या दोन फटींतून येत होतं, महिन्याभरात तेही गेलं. एखाद्या फटीतून महिनाभर रोज घासूनही रक्त येतच राहिलं तर मात्र ते दाखवायला हवं, कारण मग खाली काहीतरी अडकलेलं असू शकतं.

त्रासाचे भागही आहेत. तार वाकते, मागच्या दाढांत तर हमखास. लांब मुठीचा, डोकं आडवं असलेला प्रकार मिळतो, तो दाढांसाठी घ्या, गालात बोटं कोंबायला लागत नाहीत. एक ब्रश मला आठवडा-दहा दिवस पुरतो. केस झडले किंवा तार वाकडी झाली की टाकून द्यायचा. सगळं मिळून रोज चार-पाच मिनिटं जातात. झोप अनावर झालेली असताना ती चार मिनिटं फार वाटतात, म्हणून मी जेवण झाल्यावर लगेच करून टाकते. गावाकडच्या औषधांच्या दुकानांत हे ब्रश सहसा मिळत नाहीत, त्यामुळे दोन-तीन पाकिटं जास्तीची ठेवावी लागतात.

वॉटर फ्लॉसरवर मात्र मी पैसे जास्त घातले आणि समाधान कमी मिळालं. पाण्याच्या बारीक धारेने फटी धुवायची ही कल्पना १९६२ साली कोलोरॅडोतल्या एका दंतवैद्याने आणि एका इंजिनिअरने प्रत्यक्षात आणली, आणि ती कल्पना चांगलीच आहे. ज्यांच्या दातांना तारा लावल्या आहेत, ब्रिज आहे किंवा इम्प्लांट आहे, त्यांना त्याचा खूप उपयोग होतो. माझी भाची तारांमध्ये अडकलेली पोळी त्यानेच काढते. पण दाताला घट्ट चिकटलेला थर घासून काढायचं काम ब्रश जसं करतो तसं पाण्याची धार करत नाही, असा माझा अनुभव. मी घेतलेल्या चार्जिंगच्या मॉडेलची पाण्याची टाकी इतकी लहान की एका वेळी दोनदा भरावी लागते, आणि काही महिन्यांतच चार्जिंगच्या तोंडाशी गंज धरला. कोमट पाणी घालून, सर्वांत कमी दाबावर वापरलं तर बरं वाटतं. मी ते आता पेरू किंवा मक्याचं कणीस खाल्ल्यावरच बाहेर काढते.

थंडाची कळ कमी झाली ती पोटॅशियम नायट्रेट असलेल्या टूथपेस्टने. ही पेस्ट दोन दिवसांत काही करत नाही. दोन आठवडे सलग वापरल्यावर फरक कळायला लागतो. म्हणून स्केलिंगच्या तारखेच्या आधी दोन-तीन आठवडे ती सुरू करून ठेवणं हा माझ्या मते सर्वांत उपयोगी सल्ला आहे. रात्री घासून झाल्यावर नुसतं थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश डॉक्टरांनी ठरावीक दिवसांपुरताच दिला होता. त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात आणि जेवणाची चव जाते. मनाने महिनोन्महिने घेत राहायची ती गोष्ट नव्हे.

मग या हिवाळ्यात पुन्हा तपासणीला गेले. दाढांभोवतीचे चार-पाचचे आकडे बहुतेक ठिकाणी तीनवर आले होते, एकाच ठिकाणी चार राहिला. या वेळी सगळं तोंड एकाच बैठकीत झालं, आणि त्यात फार तर तीन-चार जागी कळ आली. कीटण होतं ते दोनच ठिकाणी: खालच्या पटाशीच्या दातांच्या मागे आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला. तिथे लाळेच्या नळ्या उघडतात, लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्या थरात मुरतं आणि तो थर दगडासारखा होतो. एकदा दगड झाला की घरचा कुठलाही ब्रश तो काढू शकत नाही. त्यामुळे हा ब्रश वापरला की स्केलिंगची गरज संपते असं मी अजिबात म्हणणार नाही. जे खरवडावं लागतं ते कमी होतं, आणि खरवडताना खालची हिरडी सुजलेली नसते. दुखणं कमी होतं ते या दोन गोष्टींमुळे.

खुर्चीत बसल्यावर काय मागता येतं हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते. स्केलिंगच्या मशीनचं टोक सेकंदाला पंचवीस-तीस हजार वेळा थरथरतं, त्याने गरम होतं, म्हणून पाण्याचा फवारा लागतोच. पण मशीनची ताकद कमी करता येते. फार झणझणणाऱ्या एक-दोन दातांना मशीनऐवजी हाताच्या हत्याराने साफ करा असं सांगता येतं. हिरडीला बधिर करणारं जेल लावून मागता येतं, आणि हिरडीच्या आत खोल सफाई असेल तर सहसा लिग्नोकेनचं, म्हणजे जागा बधिर करणारं, इंजेक्शन देऊन ती करतात. पाणी घशात जाऊन उमासे येत असतील तर खुर्ची पूर्ण आडवी करू नका म्हणायचं आणि दर दोन मिनिटांनी थांबून चूळ भरायची. कानात इअरफोन घालून अभंग ऐकत बसले तर एकाही डॉक्टरने मला हटकलं नाही. आवाजाचाच त्रास निम्मा असतो, तो त्याने जातो. आणि मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हृदयाची झडप बदललेली असणं, यातलं काहीही असेल तर ते खुर्चीत बसण्याआधी सांगायलाच हवं. मधुमेह आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना वाढवतात, त्यामुळे साखर आटोक्यात नसेल तर हिरड्याही लवकर भरून येत नाहीत.

अजून एका गोष्टीने आमच्या घरातली निम्मी माणसं स्केलिंगपासून दूर राहिली आहेत: "दात साफ केले की हलायला लागतात." माझी आत्या आयुष्यभर मशेरी लावत आली, तिच्या दातांच्या मागे कीटणाची अखंड भिंत आहे आणि ती हेच कारण सांगते. स्केलिंगनंतर मलाही जिभेला खालच्या दातांमध्ये फटी लागल्या आणि दोन दिवस विचित्र वाटलं. त्या फटी मशीनने पाडलेल्या नसतात. तिथे कीटण बसलेलं होतं आणि सुजलेली हिरडी फुगून वर आली होती. एक निघालं आणि दुसरी ओसरली की मूळची मोकळी जागा दिसते. हाड आधीच झिजलेलं असेल तर कीटण निघाल्यावर दात हलतो हे जाणवतं, पण त्या हाडाची झीज त्याच कीटणावरच्या जंतूंमुळे झालेली असते. आत्याला मी हे आरसा धरून दाखवलं. ती अजून तयार झालेली नाही, पण पुढच्या वेळी माझ्याबरोबर नुसती यायला कबूल झाली आहे.

आता माझ्याकडे राहिलेला प्रश्न उजवीकडच्या अक्कलदाढेचा. तिच्यामागे कुठल्याच मापाचा ब्रश नीट पोचत नाही. एकच झुपका असलेला, टोकदार लहान ब्रश मिळतो, तो डॉक्टरांनी सुचवला आहे आणि मी तो आताच सुरू केला आहे. आणखी काही महिने वापरून तिथला आकडा पुन्हा मोजून घेतला की त्याबद्दल लिहीन.