ताई-ची: मागच्या पावसाळ्यापासून करून राहिली, शरीराच्या बांधणीत नेमकं काय बदललं

मागच्या पावसाळ्यात ताई-ची, म्हणजे हळू हालचालींची चिनी व्यायामकला, सुरू केलं, आता नवतपा, मे अखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, जवळ आलाय, म्हणजे अनुभव लिहिण्याइतकं वापरून झालंय. मी डेंटिस्ट आहे, नागपूरला धरमपेठेत क्लिनिक. दिवसभर मान वाकवून दुसऱ्याच्या तोंडात बघायचं, उजवा खांदा कानाकडे चढलेला, आणि रात्री शेवटचा पेशंट गेला की मानेपासून बोटांपर्यंत ठणका. ताई-चीबद्दल जिथे बघावं तिथे मनःशांती, स्ट्रेस आणि म्हातारपणी चांगलं असतं एवढंच वाचायला मिळतं, शरीर आतून कसं जोडलं जातं ह्यावर मराठीत नीट लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून लिहून राहिली.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण लोकं इथेच अडकतात. क्लासमधले सर म्हणतात सैल सोडा, आणि समोरचे सगळे पोक काढून उभे राहतात, छाती आत, पोट बाहेर, हात लोंबकळत. ते सैल नाही, ते ढिलं झालं. आजीच्या गावी काटोलकडे सुतळीची बाज होती. ढिली पडली की मधोमध खड्डा व्हायचा आणि झोपणाऱ्याची कंबर धरायची, जास्त कसली तर लाकडावर झोपल्यासारखं लागायचं, पण पायथ्याची दोरी ओढून बरोबर कसली की एका कोपऱ्यात कोणी येऊन बसलं तरी वजन चारही पायांपर्यंत वाटून जायचं, कुठलीच एक सुतळी एकटी ताणली जात नव्हती. शरीरात सुतळी म्हणजे स्नायू आणि त्यांना गुंडाळून असलेलं पातळ आवरण, फॅशिया, आणि लाकूड म्हणजे हाडं. ताई-चीत जे कमवायचं ते हेच, कुठेही गाठ नाही आणि कुठेही झोळ नाही. मला विचाराल तर बाकी सगळं, ते हळूहळू हात फिरवणं वगैरे, ह्याच्यासाठीच आहे.

आणि हे फॉर्म, म्हणजे हालचालींचा ठरलेला क्रम, पाठ करून येत नाही, उभं राहून येतं. झान झुआंग म्हणतात त्याला. दोन पायांत खांद्याइतकं अंतर, पावलं समांतर, गुडघे जरासे मोकळे, माकडहाड खाली जाऊ द्यायचं म्हणजे कंबरेची कमान आपोआप उतरते, हनुवटी किंचित आत, टाळू वर, हात छातीसमोर गोल, काखेत थोडी जागा, कोपर मनगटापेक्षा खाली. बस, उभं राहायचं. सुरुवातीला पाचेक मिनिटं, मग वाढवत न्यायचं. बघणाऱ्याला वाटतं काहीच करून नाही राहिली, आणि इकडे मांड्या थरथरतात, खांद्यांत आग होते, पाठीवरून घाम वाहतो.

ती खांद्यातली आग फार कामाची आहे, हे मला शरीरशास्त्र शिकलेलं असूनही उभं राहिल्यावरच समजलं. हात समोर धरायला आपण सवयीने मानेच्या बाजूचा ट्रॅपेझियसचा वरचा भाग वापरतो, तोच तो ज्याला संध्याकाळी आपण स्वतःच दाबत बसतो. उभं राहून राहून तो थकतो, आणि मग दोनच रस्ते उरतात, एकतर हात खाली घ्या नाहीतर तो भार दुसऱ्या कोणाला तरी द्या. कोपर जड होऊ दिलं, छातीचं हाड थोडं उतरू दिलं, की खांद्याचं पातं फासळ्यांवर सपाट बसतं आणि बरगडीच्या बाजूचा सेरेटस आणि पाठीचे मोठे स्नायू आपापला वाटा उचलतात. हात तेवढाच वर असतो पण खांदा मोकळा. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मला वाटलं हात कोणी दुसऱ्यानेच धरून ठेवलाय. रोज होतं असं नाही, पण एकदा शरीराला कळलं की ते परत शोधायला लागतं.

डोक्याचंही तसंच. माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं, ते मणक्यावर सरळ ठेवलं तर हाडं पेलतात, पुढे काढलं की मानेच्या मागच्या स्नायूंना दिवसभर ओढून धरावं लागतं. हे पुस्तकात सगळ्यांनीच वाचलंय हो, पण उभं असताना टाळू वर गेली आणि मानेच्या मागे जागा झाली की ते ओझं उतरताना प्रत्यक्ष जाणवतं, आणि मग दुसऱ्या दिवशी खुर्चीजवळ मान पुढे गेली की लगेच खटकतं.

आता जोडलेलं म्हणजे काय, ह्याची परीक्षा. आमचा छोटा ग्रुप आहे, सेमिनरी हिल्सला जपानी गार्डनच्या बाजूला सकाळी भेटतो. त्यात रेल्वेतून रिटायर झालेले एक काका आहेत, बऱ्याच वर्षांपासून करतात. ते हात गोल धरून उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, ढकला बरं, पण धक्का नका मारू, हळूहळू वजन टाका." मी वजन टाकलं, त्यांचा हात मऊ, म्हणजे खरंच मऊ, पण मागे जाईना, आणि थोड्या वेळाने माझीच टाच जमिनीवरून उचलल्या गेली. मग त्यांनी मुद्दाम हात कडक केला, मी तेवढंच ढकललं आणि ते कमरेपासून मागे कलले. मग एकदम ढिला सोडला, हात छातीला येऊन चिकटला. एकाच हाताने तीन गोष्टी दाखवल्या. जोडलेलं असलं की ढकलणाऱ्याचं वजन हातातून पाठीत, पाठीतून जांघेच्या घडीत आणि तिथून तळपायात उतरतं, तुम्हाला काही करावंच लागत नाही, फक्त मागचं पाऊल जमिनीवर जास्त जड लागतं. मधे कुठेही गाठ असली तर वजन तिथेच थांबतं आणि तिथूनच तुम्ही ढकलले जाता. माझी गाठ उजव्या खांद्यात, आमच्या ग्रुपमधल्या एका बँकवाल्या वहिनींची कंबरेत, जिमला जाणाऱ्या एका पोराची छातीत. ढकलून बघितलं की प्रत्येकाची बरोबर सापडते, आरशात बघून नाही सापडत.

म्हणूनच क्लास निवडताना सांगते. ह्याच्या आधी मी दुसऱ्या एका ठिकाणी जाऊन आली होती, हॉल छान, म्युझिक छान, २४ हालचालींचा फॉर्म भराभर शिकवून टाकला, पण शिकवणाऱ्याने कधी कोणाच्या खांद्याला हात लावून बघितलं नाही की वजन कुठल्या पायावर आहे हे विचारलं नाही. २४ च्या फॉर्मबद्दल तक्रार नाही, तो यांग शैलीतून, म्हणजे ताई-चीच्या एका घराण्यातून, घेऊन १९५६ साली चीनच्या सरकारी क्रीडा खात्याने बसवला, सर्वसामान्य माणसाला थोडक्यात करता यावा म्हणून, सगळा पाच-सहा मिनिटांत होतो. मीही आता तोच करते. पण यांग चेंगफू, म्हणजे ज्यांच्यामुळे ही शैली इतकी पसरली, त्यांचे दहा मुद्दे आहेत, त्यात डोकं कसं ठेवायचं, छाती आणि पाठ, कंबर सैल करणं, कुठला पाय भरलेला आणि कुठला रिकामा, खांदे खाली आणि कोपरं जड, जोर नाही तर मन लावायचं, वरचं आणि खालचं शरीर एकमेकांबरोबर चालायचं, हेच सगळं आहे. हात नेमका कुठे फिरवायचा हे त्यात नाही. ज्या क्लासात ह्या गोष्टींवर वेळ जात नाही तिथे तुम्ही क्रम शिकाल, बांधणी नाही.

गुडघ्यांबद्दल फार लोकं विचारतात, आमच्याकडे येणारे पन्नाशीच्या पुढचे तर पहिला प्रश्न हाच. गुडघा हा बिजागरीचा सांधा, वाकलेला असताना थोडासा फिरतो पण फिरण्यासाठी बनलेलाच नाही. फिरायला खुबा आहे. ज्या पायावर सगळं वजन आहे त्यावर उभं राहून अंग वळवलं आणि जांघेची घडी बंद असली तर ते वळण जातं गुडघ्यात, आणि तिथून दुखणं चालू. त्यासाठी वळायच्या आधी जांघ सोडायची, गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवायचा, आणि पाऊल फिरवायचं असेल तर आधी तो पाय रिकामा करायचा. खाली किती बसायचं ह्याची शर्यत नाही, माझी बैठक अजूनही उंचच आहे आणि सरांचं म्हणणं आहे की तीच ठेवा. हळू चालण्याचं कारणही इथेच आहे, वेगात केलं की झोकाच तुम्हाला एका पायावरून दुसऱ्या पायावर नेऊन टाकतो, हळू केलं की मधलं प्रत्येक वजन तुम्हाला स्वतः न्यावं लागतं आणि कुठे अडकतं ते उघडं पडतं.

आई कित्येक वर्षांपासून रामनगरला जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळात जाते. माझं उभं राहणं बघून म्हणाली, "अगं, हे तर आमचं ताडासनच झालं, काहून एवढे पैसे देऊन राहिली?" प्रश्न बरोबर आहे आणि मी बराच विचार केला त्यावर. ताडासनात गुडघे सरळ आणि सगळं वर ताणायचं, श्वासाबरोबर उंच व्हायचं. इथे टाळू वर पण बाकी सगळं खाली उतरू द्यायचं, आणि मग तीच अवस्था मोडू न देता चालायचं, वळायचं, कोणी ढकललं तरी टिकवायची. मला कामाच्या ठिकाणी हलताना टिकणारं हवं होतं म्हणून हे लागू पडलं. आईला तिचं योगच पुरतं आणि तिची पाठ माझ्यापेक्षा सरळ आहे, त्यामुळे ज्यांचं योगावर चांगलं चाललंय त्यांनी बदलायची काही गरज नाही.

आता क्लिनिकमधलं, ज्याच्यासाठी सुरू केलं होतं. आरसीटीला, म्हणजे रूट कॅनॉलला, बसली की फाईल, दाताची नळी साफ करायची बारीक सुई, बोटांत, अनामिका शेजारच्या दाताला टेकलेली, फिंगर रेस्ट म्हणतो आम्ही. आधी तो टेकू दाबून धरल्या जायचा कारण पूर्ण हात खांद्यातून टांगलेला असायचा. आता कोपर खाली जड सोडते, दोन्ही पावलं जमिनीला नीट टेकवते, बैठकीच्या हाडांवर बसते, मग टेकू हलका होतो आणि फाईल कुठे अडकतेय ते बोटाला जास्त स्वच्छ कळतं. हा फायदा मी अपेक्षाच केला नव्हता. आणि खालची दाढ काढताना तर फरक फारच मोठा. दाढ मनगटाच्या जोराने निघत नाही, चिमटा खाली रोवून हळूहळू हलवावी लागते, हाडाला पसरायला वेळ द्यावा लागतो. आधी मी हाताने झगडायची. आता उभी राहते, एक पाय पुढे, कोपर अंगाजवळ, आणि पाठीमागच्या पावलातून वजन सोडते, हात फक्त पोचवायचं काम करतो. माझी असिस्टंट म्हणाली, "मॅडम, आजकाल तुम्ही दात काढताना श्वास रोखत नाही." तिचं लक्ष होतं, माझं नव्हतं.

ठणका गेला का? रोजचा गेला. ज्या दिवशी मधे न थांबता पेशंट लागतात त्या दिवशी अजूनही मान भरून येते, पण रात्री झोपताना बाम लावणं सुटलं. मानेच्या एक्स-रेत झीज आहे ती आहेच, ताई-चीने ती भरून निघणार नाही आणि कोणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. वजनही कमी झालं नाही, त्यासाठी मी वेगळं चालते. तोल मात्र खरंच सुधारला, आणि ह्याला पुरावाही आहे, २०१२ मधे न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधे पार्किन्सनच्या १९५ पेशंटवरचा अभ्यास आला होता, त्यात आठवड्यातून दोनदा असं २४ आठवडे ताई-ची करणाऱ्यांचा तोल स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला आणि पडणंही कमी झालं. घरी सासू-सासऱ्यांना तोल जाण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून नक्की बघा.

नागपुरातलं सांगायचं तर उन्हाळ्यात सकाळी साडेपाचला सुरू करून सातच्या आत संपवायचं, नंतर बाहेर उभं राहण्यात अर्थ नाही, मी तर मे महिन्यात हॉलमधे कूलर लावूनच उभी राहते. पावसाळ्यात बागेतले डास उभं राहू देत नाहीत, फुल पँट आणि ओडोमॉस. बूट जाड सोलचे नकोत, तळपायाला जमीन कळली पाहिजे, साधे कॅनव्हासचे चालतात. फी महिन्याला हजाराच्या आसपास, मला जास्त वाटत नाही कारण सर प्रत्येकाला हात लावून दुरुस्त करतात.

पुढे मला तुईशौ वाढवायचं आहे, दोघांनी मनगटं टेकवून एकमेकांचं वजन ऐकायचा सराव, कारण सैलपणा खरा आहे की नाही हे एकटीने कळत नाही. अडचण ही की माझ्याच उंचीची आणि क्लिनिक संपल्यावर संध्याकाळी वेळ असलेली पार्टनर नाही, काका सकाळचे आणि मुलगा दोन मिनिटांत कंटाळतो. पश्चिम नागपुरात कोणी बाई करत असेल, शैली यांग असो की चेन, तर रविवारी सकाळी सेमिनरी हिल्सला या.